रंगाला वेळ लागतो, बाय

लाटंबार्से, ता. डिचोली, गोवा
कार्तिक महिना

चि. बायस,


तू फोनवर लिहून पाठवलेलं सगळं तुझ्या बाबानं मला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मग चष्मा लावून मी ते परत स्वतः वाचलं, कारण तुझा बाबा वाचताना मधली वाक्यं खातो. पाटीवर पेन्सिल धरत होता तेव्हापासूनची त्याची ती खोड आहे. उत्तर मात्र कागदावरच लिहितोय. बँकेच्या कॅलेंडरची गेल्या सालची पानं मी ठेवून दिली आहेत, मागून कोरी आणि चांगली जाड. तुझी आजी म्हणते, हा कंजूषपणा झाला. मी म्हणतो, आपल्याच नातीला लिहायचं तर कोरा कागद विकत कशाला आणायचा?

तू लिहिलंस की वर्गात सगळ्यांना एकेक जुना रंगीत पोशाखी हिंदी चित्रपट वाटून दिला, त्यातला सोहराब मोदींचा ‘झाँसी की रानी’ तुझ्या वाट्याला आला, १९५३ सालचा, आणि तो तू दुप्पट वेगानं पाहून संपवलास तरी संथच वाटला. पुढं लिहिलंस, नाताळच्या सुट्टीत गावातली पोरं जमवून राजा-राणीचा, तलवारीचा एक छोटासा सिनेमा चार दिवसांत उरकायचा आहे, त्यासाठी माझी कपडेपटाची पेटी हवी. पेटी तुझीच आहे, मागायचं काय त्यात? तू ती जपून वापरशील, परत भरताना घडीघडीत कडुनिंबाचा पाला घालशील, हे मला सांगावं लागणार नाही; बाहुलीचं लुगडंसुद्धा घडी करून ठेवणारं पोर तू. पोरांना वेळेवर खायला देशील, कुणावर ओरडणार नाहीस, तेही ठाऊक आहे. माझ्या जिवाला घोर लागलाय तो तुझ्या त्या ‘दुप्पट वेगा’चा आणि ‘चार दिवसां’चा. म्हणून हे लांबलचक पत्र. ते मात्र दुप्पट वेगानं वाचू नकोस, एवढं आजोचं ऐक.

आधी माझ्या कामाचं सांगतो. आपल्या देवळाच्या उत्सवात मराठी नाटक व्हायचं तेव्हा कपडेपट माझ्याकडे असे. पोर्तुगीज राज्य होतं तेव्हाही आपल्या भागात देवळापुढं मराठी नाटकं होत. घरात कोंकणी बोलणारी आपली माणसं मांडवाखाली उभी राहिली की शिवाजी महाराजांच्या दरबारातलं मराठी बोलू लागायची. राजाचा मखमली अंगरखा, सरदारांचे मंदिल, राणीचा शालू, बेगड चिकटवलेल्या लाकडी तलवारी, कुणाला काय बसतं, कुणाच्या पाठीची शिवण उसवली आहे, हे सगळं पडदा उघडायच्या आधी मला पाठ असायला लागायचं. त्या कामात पहिली गोष्ट कळली ती ही, की कपड्याचा रंग उजेडावर ठरतो. गॅसबत्तीच्या पांढऱ्या झगझगाटात जो जांभळा मंदिल राजाला शोभून दिसे, तोच गावात वीज आल्यावर पिवळ्या बल्बाखाली मातकट दिसायला लागला, आणि मग मी आदल्या रात्री बल्ब लावून एकेक कपडा दोरीवर टांगून बघायची सवय लावून घेतली. लोक हसायचे, म्हणायचे, हा माणूस रात्री कपडे वाळत घालतो. हसू देत.

सिनेमावाल्यांच्या नशिबी हेच आलं, फक्त फार मोठ्या प्रमाणात. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर लाल शालू आणि गडद हिरवा शालू जवळजवळ सारखेच उमटतात, त्यामुळं जुन्या काळी पोशाख करणारे गडद काय आणि फिकं काय एवढंच बघत. रंग आला आणि त्यांना सगळं मुळापासून शिकावं लागलं. ते एका वर्षात, एका माणसाला जमलं नाही, हे तुझ्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेव.

तुमच्या पुण्यात लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे ना, ती प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत. प्रभात त्याआधी कोल्हापुरात होती. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी १९२९ साली ती काढली. त्यांनी १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करायचं मनावर घेतलं, मराठीत आणि हिंदीतही. चित्रण कोल्हापुरात झालं, आणि रंगीत प्रती काढायला शांतारामबापू फिल्मचे डबे घेऊन थेट जर्मनीला गेले. आगबोटीचा तो प्रवास, परका मुलूख, परकी भाषा, आणि एवढं करून रंग मनासारखे उतरले नाहीत ते नाहीतच. चित्रपटही चालला नाही. दुसरा कुणी असता तर पुढच्याच वर्षी ईर्ष्येनं परत रंगाच्या मागं लागला असता, नाहीतर रंगाला शिव्या देत बसला असता. शांतारामबापूंनी दोन्ही केलं नाही. काळ्या-पांढऱ्यातच ‘अमर ज्योती’ केला १९३६ साली, त्यात दुर्गाबाई खोटे समुद्रावर राज्य करणारी बंडखोर बाई झाल्या (त्यांचं माहेरचं लाड घराणं मूळ आपल्या गोव्याचं, घरात कोंकणी बोलणारं, हे तुझ्या मास्तरांना सांग), मग ‘माणूस’ केला, ‘शेजारी’ केला, प्रभात सोडून राजकमल स्टुडिओ उभा केला, आणि रंगाला पुन्हा हात घातला तो १९५५ साली, ‘झनक झनक पायल बाजे’त. तेव्हा मात्र लोकांनी तो रंग डोक्यावर घेतला. मधली बावीस वर्षं, बाय. तू जन्माला येऊन अजून तेवढी वर्षं झाली नाहीत.

मधल्या काळात दुसरेही खपत होतेच. अर्देशीर इराणींनी १९३७ साली ‘किसान कन्या’ इथल्या इथं रंगीत करून दाखवला. आणि तुझ्या वर्गातल्या कुणाच्या तरी वाट्याला मेहबूब खानांचा ‘आन’ आला असेलच, १९५२ चा. दिलीपकुमार रानटी घोडा माणसाळवतो आणि गर्विष्ठ राजकन्येलाही, ती गोष्ट. राजकन्या झालेली नादिरा तेव्हा अगदी नवी होती. ‘आन’चं मला सगळ्यात कौतुक वाटतं ते त्यातल्या काटकसरीचं. चित्रण केलं १६ मिलिमीटरच्या लहान पट्टीवर, आणि मग ते मोठं करून टेक्निकलरमध्ये छापून घेतलं. पडद्यावर राजवाडे, रथ, घोडे, तलवारी, सगळा थाटमाट, आणि मुळात पट्टी बोटभर रुंद! त्याच वर्षी तो लंडनलाही लागला. काटकसर म्हणजे कमी करणं असं तुम्हा मुलांना वाटतं. हाताशी आहे तेवढ्यातून पुरेपूर काढणं ही काटकसर, आणि तिला डोकं शांत लागतं. घाईत माणूस नेहमी जास्त खर्च करतो, बाजारात जाऊन बघ.

(थांब जरा. कुळागरात पाटाचं पाणी वळवायची वेळ झाली, ते करून येतो. पोफळी माझ्या पत्रासाठी थांबणार नाहीत.)

आलो. आता तुझी राणी.

सोहराब मोदींनी त्याआधी ‘पुकार’, ‘सिकंदर’ असे भरजरी चित्रपट काळ्या-पांढऱ्यात करून नाव कमावलं होतं. ‘झाँसी की रानी’ त्यांनी टेक्निकलरमध्ये करायचं ठरवलं, आणि आपल्या देशात टेक्निकलरमध्ये चित्रित झालेला पहिला चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतात. कॅमेऱ्यासाठी अमेरिकेतून अर्नेस्ट हॅलरला आणलं, ज्याला ‘गॉन विथ द विंड’च्या चित्रणासाठी ऑस्कर मिळालं होतं. राणी झाल्या मेहताब, राजगुरू स्वतः मोदी. इंग्रजी आवृत्तीही काढली. रंगीत चित्रणाला तेव्हा डोळे दिपवणारा उजेड लागत असे. त्या उजेडात मखमल आणि जर घालून, कमरेला तलवार बांधून तासन् तास उभं राहायचं म्हणजे काय, ते मी एकदा वैशाखातल्या नाटकात सरदारांच्या कपाळावरच्या रंगाचे ओघळ पुसताना थोडंसं अनुभवलंय.

आणि छपाई! तुला शिकवलीच असेल. तीन साचे, प्रत्येकाचा एक रंग, निळसर, किरमिजी आणि पिवळा. ते एकाच पट्टीवर एकामागून एक उमटवायचे, आणि तिन्ही एकमेकांवर इतके नेमके बसले पाहिजेत की केसाएवढंही अंतर राहता कामा नये, नाहीतर राणीच्या ओठांचा रंग तिच्या गालावर यायचा. तुझी आजी अंगण सारवते तेव्हा पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा देत नाही, आणि मधेच कोणी पाऊल टाकलं तर काय ऐकून घ्यावं लागतं तेही तुला माहीत आहे. तसंच ते. तू पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रं पाहिलीस, दुप्पट वेगानं अठ्ठेचाळीस. त्या प्रत्येकावर तीन हात फिरले होते.

पण पोशाखाचं शिकतेस म्हणून तुला आणखी एक काम सांगतो. विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ वाच. वरसईचे हे भटजी, पेणजवळचे. घरची गरिबी, डोक्यावर कर्ज, म्हणून उत्तरेत यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल असं ऐकून निघाले, आणि नेमके १८५७च्या धामधुमीत सापडले. इंग्रजांच्या ह्यू रोजच्या फौजेनं झाशीला वेढा घातला तेव्हा ते झाशीत होते. राणीला त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मिळवलेला पैसा वाटेत लुटला गेला, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र घरी घेऊन आले. ते सगळं त्यांनी पुष्कळ वर्षांनी लिहून काढलं, आणि पुस्तक छापलं गेलं १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांनी. म्हणजे त्या गोष्टीलाही लोकांपर्यंत पोचायला अर्धं शतक लागलं. त्यात राणीचा दिनक्रम आहे. पहाटे उठायचं, मलखांब आणि जोर करायचे, मग घोडा मंडळावर धरायचा, आणि हे रोज. वेढा पडल्यावर नव्हे, आधी, काही घडत नव्हतं तेव्हा. तुम्ही सिनेमात तिला तटावरून घोडा फेकताना बघता ती एका क्षणाची गोष्ट. त्या क्षणामागं किती पहाटा आहेत ते कुणी दाखवत नाही, कारण रोजची पहाट पडद्यावर कंटाळवाणी दिसते.

आणि पोशाख काय? कधी पुरुषी वेष, पायजमा, अंगरखा, डोक्याला टोपी-पागोटं, कमरेला कसलेला दुपट्टा आणि त्यात तलवार. बायकी वेष असेल तेव्हा पांढरं वस्त्र आणि मोजकेच दागिने. आता तूच विचार कर, टेक्निकलरचा सगळा खजिना हाताशी असताना पांढऱ्या पातळातली राणी कोण उभी करील? मी मोदींना नावं ठेवत नाही. मीही राणीला शालूच नेसवत होतो. मांडवात मागं बसलेल्याला राणी दिसली पाहिजे. पण तू तुझ्या छोट्या सिनेमात करून बघ. चार दिवसांत करायला निघालीस तर पेटीतलं सगळ्यात झगझगीत तेच हाताला लागेल. सवड दिलीस तर कदाचित पांढरं सुचेल.

आता माझ्या आवडीच्या माणसाकडं येतो. तुझ्या राणीला संगीत दिलंय वसंत देसायांनी, आणि हा गृहस्थ म्हणजे आपला शेजारी. दोडामार्गावरून सावंतवाडी, पुढं कुडाळ, तिथलं सोनवडे त्यांचं गाव. तेव्हाचं सावंतवाडी संस्थान. त्या मुलखात कीर्तन, भजन आणि रात्रभराचा दशावतार कानावर न पडलेलं मूल शोधून सापडायचं नाही. हे पोर प्रभातच्या अगदी सुरुवातीला तिथं जाऊन राहिलं, पडेल ते काम करत. गायलं, पडद्यावर तोंडही दाखवलं, मोठमोठ्या संगीतकारांच्या हाताखाली मदतनीस म्हणून राबलं, आणि शांतारामबापूंच्या ‘शकुंतले’ला संगीत देऊन नाव झालं ते १९४३ साली. हिशेब तूच कर. त्या काळात त्यांना कधी वाटलं नसेल का, की आता पुरे, मला एकट्याला काहीतरी द्या? वाटलं असेल. पण टिकून राहिले. होनाजीची गोष्ट सांगणाऱ्या ‘अमर भूपाळी’चं संगीतही त्यांचंच, पहाटेच्या गाण्यावर सबंध चित्रपट उभा राहतो हे मला फार आवडतं, आणि तू अजून आठाला उठतेस हे तुझ्या आईनं सांगितलं तेही या ओळीत बसवून टाकतो. रागावू नकोस. इथं आलीस की तुला कोणी हाक मारत नाही, तरी पाच वाजता चुलीपाशी येऊन बसतेस, तेव्हा सवय मोडलेली नाही, फक्त पुण्याला झोपलेली आहे.

तर १९५३ साली काय झालं ते ऐक. ‘झाँसी की रानी’वर पाण्यासारखा पैसा ओतला होता, चित्रपट पडला. मोदींना फार मोठी झळ बसली. त्याच वर्षी आचार्य अत्र्यांनी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर मराठी चित्रपट केला, काळा-पांढरा, कोकणातलं गरिबाचं घर, नऊवारीतली आई आणि एक हट्टी मुलगा, एवढंच. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. आणि त्याचंही संगीत वसंत देसायांचंच! एकाच वर्षात एका हातानं राणीचे रणवाद्यांचे सूर बांधले, दुसऱ्या हातानं श्यामच्या आईचे. एक बुडाला, एक तरला. त्या माणसानं कामात मात्र दोन्हीकडं सारखाच जीव ओतला असणार, असं मी धरून चालतो. मोदीही खचून बसले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘मिर्झा ग़ालिब’ केला, परत काळा-पांढरा, आणि सुवर्णपदक त्याला मिळालं.

यावरून रंग वाईट आणि साधेपणा चांगला असं काही माझं म्हणणं नाही. तसं असतं तर माझी पेटी मी कधीच भंगारवाल्याला दिली असती. ‘झनक झनक’ही रंगीतच होता आणि त्यालाही संगीत याच माणसाचं. माझं म्हणणं एवढंच, की थाटमाट हा शेवटी चढवायचा असतो. आधी गोष्ट पक्की, माणूस पक्का, अंग पक्कं, मग अंगरखा. अंगरखा आधी घातला की माणूस आत शिरता शिरत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही, आपल्या काल्याला येणाऱ्या दशावताऱ्यांकडं बघून शिकलो. तू त्यांना समोरून पाहिलंयस. या खेपेला मागून बघ. संध्याकाळी पेटारा येतो, गणपतीची पूजा होते, आणि रात्री कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं. संहिता नाही, कागद नाही. तरी राजा बोलायला लागला की वाक्याला वाक्य असं लागत जातं की ऐकणाऱ्यानं थक्क व्हावं. प्रत्येक जण आपला आरसा आपल्या ट्रंकेच्या झाकणाला टेकवून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. घाई कुणाला नसते. स्त्रीपार्टी भुवईची एक रेघ ओढतो, आरसा लांब धरून बघतो, बोटानं पुसतो, परत ओढतो, आणि बाहेर पखवाजावर थाप पडलेली असते तरी त्याचा हात थरथरत नाही. रात्रभर लढाया होतात, गिरक्या घेत घेत तलवारी भिडतात, पहाटे दहीकाला होतो, लोक घरी जातात, आणि मग तो रात्रीचा राजा खोबरेल लावून तोंड पुसतो आणि डोळ्यांवर झोप असतानाही शेला काठाला काठ लावून घडी करतो, कारण आज रात्री दुसऱ्या गावात त्याला तोच शेला घ्यायचा आहे. मी पेटीचं जे काही शिस्तीचं करतो ते त्यांच्याकडून उचललेलं आहे.

म्हणून माझा बेत असा. नाताळात ये, पेटी उघडू. पण त्या सुट्टीत कॅमेरा काढू नकोस. पहिले दिवस नुसते कपडे बाहेर काढून उन्हात आणि मग दिव्याखाली बघ, कुठला रंग कुठं मरतो आणि कुठं उठतो ते वहीत लिहून घे. पोरांना रोज सकाळी देवळापुढं काठ्या देऊन गिरक्या शिकव. मी येईन बघायला, खुर्ची घेऊन. मग काल्याच्या रात्री मंडळींची परवानगी काढून तुला मांडवामागं बसवतो. त्यांच्यात कुणी ना कुणी माझ्या ओळखीचा निघतोच. चित्रण शिमग्याच्या सुट्टीत कर. तोवर गोष्ट तुझ्या डोक्यात मुरलेली असेल आणि पोरांच्या अंगात तलवार. खर्चही निम्म्यावर येईल, कारण निम्म्या गोष्टी नकोत हे तुला तोवर कळलेलं असेल. मास्तरांना द्यायचं टिपण आधी द्यायचं असेल तर ते वेळेवर दे, त्यात आळस नको. पण त्याआधी तो सिनेमा एकदा त्याच्या स्वतःच्या चालीनं बघ. रात्री जेवण झाल्यावर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

तुझी आजी विचारते, मुगाचे लाडू पाठवू का बेसनाचे? मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, एवढे डबे कुठं आहेत? तेव्हा मागच्या खेपेचे आमचे डबे येताना आठवणीनं घेऊन ये, त्यांची झाकणं जुळवून. मुंबईच्या काकाकडं उतरणार असशील तर त्याला सांग, छातीच्या दुखण्याचं औषध चुकवू नको.

कळावे. उत्तर सवडीनं लिही, पण हातानं लिही. अक्षर मोडत चाललंय तुझं, असा मला संशय आहे.

तुझा,
आजो